देवाला जाब विचारण्याची रीत

ज्येष्ठ वद्यात आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या दोन्ही पालख्या पुण्यात एक पूर्ण दिवस विसावतात. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात असते आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात. या दोन देवळांच्या आसपासच्या गल्ल्यांत माझे आयुष्य गेले, त्यामुळे श्रद्धेविषयी जे काही मला थोडेफार कळले आहे ते मुख्यतः त्या दिवसांत आमच्या दारी उतरणाऱ्या माणसांकडून कळले. आमचा वाडा पाडून तिथे सोसायटी उभी राहिली, तेव्हा मराठवाड्यातून येणारी आणि आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे मुक्काम करणारी दिंडी आता कुठे जाईल, या विचाराने वडील अस्वस्थ झाले होते. दिंडी त्या वर्षीही ठरल्या दिवशी आली आणि विणेकऱ्यांनी पार्किंगमधल्या एका खांबाला वीणा टेकवून जागा पक्की केली. पूर्वी ही माणसे ओसरीवर आणि माजघरात निजत, आता ताडपत्री अंथरून पार्किंगमध्ये निजतात आणि तेवढ्या मुक्कामापुरत्या आमच्या गाड्या रस्त्यावर जातात.

या दिंडीत गंगाखेडच्या बाजूच्या एक मावशी येत असत. एका वर्षी त्या आल्या तेव्हा त्यांचा थोरला मुलगा शेतात साप चावून गेल्याला काही महिनेच झाले होते. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि न राहवून विचारले, की इतके होऊनही तुम्ही यंदा वारीला निघालात? मावशींनी दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते. "पाया पडाया नाही निघाले, ताई. इचाराया निघाले. येवढी वर्सं पायी येते त्याच्या दारात, मग माझ्याच घरी कामून आला हा काळ, ते इचारनार हाय." त्या रात्री बायकांनी फेर धरला तेव्हा याच मावशींनी जनाबाईचा तो अभंग म्हटला, जो सभ्य समजल्या जाणाऱ्या संगीताच्या कार्यक्रमांत सहसा कानावर पडत नाही. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी त्याची सुरुवात आहे, आणि 'उभी राहूनी अंगणी, शिव्या देत दासी जनी' असे सांगून जनाबाई तो संपवते. जनाबाई मूळची गंगाखेडचीच, त्यामुळे मावशींच्या तोंडी तो अभंग माहेरच्या माणसाच्या बोलण्यासारखा सहज आला.

पुढच्या वर्षी आईने विचारले, "मग काय म्हणाला विठोबा?" मावशी म्हणाल्या, "काय म्हनतो? उभाच हाय. पर म्या समदं बोलले. घरी ज्येच्यापुढं त्येच्यापुढं बोलता येत नव्हतं, तेवढं बोलले. रागावला नाही."

त्यांच्या या शेवटच्या दोन शब्दांवर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे, आणि मला असे वाटू लागले आहे की मराठी माणसाच्या भक्तीचे सगळे बळ तिथे आहे. ज्याच्याशी बोलताना शब्द तोलावे लागतात, प्रश्न विचारला तर नाते तुटेल अशी धास्ती असते, त्याला आपण घाबरत असू, मान देत असू, पण आपले सगळे दुःख त्याच्यापुढे ओतू शकत नाही. मावशींना विठोबाबद्दल खात्री होती ती या एका गोष्टीची, की जाब विचारला म्हणून हा तुटणार नाही. त्याने मुलाला का वाचवले नाही याचे उत्तर त्यांना मिळाले नाही आणि ते मिळाल्याचा आव त्यांनी आणला नाही. तरीही पुढची अनेक वर्षे त्या चालत आल्या.

हे एका बाईचे वेगळेपण म्हणावे, तर आपली सारी संतपरंपराच तसे म्हणू देत नाही. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाची स्तुती जितकी आहे, जवळजवळ तितकीच त्याच्याशी भांडणेही आहेत. 'माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल' असे म्हणण्यापर्यंत तो माणूस जातो, आणि आपण त्याची पालखी खांद्यावर घेतो. अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले अशी परंपरा सांगते. त्या बसण्याला आज कोणी साधना म्हणेल, कोणी तपश्चर्या म्हणेल, मला मात्र ते सरळसरळ देवाच्या दारात धरलेले धरणे वाटते. देवाने आपले म्हणणे ऐकलेच पाहिजे अशी हक्काची भावना असल्याशिवाय माणूस असा बसत नाही.

ही हक्काची भावना कलेत किती निर्भयपणे उतरू शकते, याचे सगळ्यात मोठे उदाहरण याच शहरात घडले. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्यात आली आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे तिचा स्टुडिओ उभा राहिला. तिथेच विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' हा चित्रपट केला, जो पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाची शांत, हरवलेली मुद्रा सर्वांनाच आठवते, परंतु मला त्या चित्रपटाचा कणा गौरी यांनी उभी केलेली जिजाई वाटते. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे, नवरा भजनात दंग आहे, आणि ही बाई हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला थेट देवळात शिरते. हे दृश्य ज्या प्रेक्षकांनी पाहिले ते आजच्या आपल्यापेक्षा कितीतरी अधिक सोवळ्या-ओवळ्यात वाढलेले, देवाधर्माचे पक्के लोक होते, आणि त्यांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. जिजाईच्या रूपाने पडद्यावर आपल्याच घरातली बाई बोलते आहे, आणि ती देवाला जितके बोलते तितकीच देवाला धरून आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. तुकोबांची कथा सांगणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान आहे, याचाही कोणाला विषाद वाटला नाही. फत्तेलालांनी ती कथा जितक्या प्रेमाने मांडली आहे, तितक्या प्रेमाने ती नंतर क्वचितच कोणाला मांडता आली असेल.

तमाशातही हेच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथल्या राहुट्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक फड आधी गणपतीला गण म्हणून हात जोडतो आणि लगेच पुढच्या गवळणीत 'मावशी' हे तमाशातले विनोदी पात्र कृष्णाची यथेच्छ फिरकी घेते, त्याच्या चोरीवरून, त्याच्या काळेपणावरून, त्याच्या खोड्यांवरून. गण आणि गवळण एकाच मंचावर, एकाच दमात होतात. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही, कारण घरीही तो देवाशी असाच वागतो, पाया पडतो आणि पाऊस लांबला तर बोलही लावतो.

म्हणूनच २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जे घडले त्याने मी फार दुखावले गेले. रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या जगावर विद्यार्थ्यांनी बसवलेले एक नाटक एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मध्येच बंद पाडले. त्यानंतर धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. सीतेची भूमिका करणारा नट विडी-सिगारेट ओढतो, हे ज्यांना सहन झाले नाही त्यांच्या दुःखाला मी खोटे म्हणणार नाही, कारण कोणाचे मन कशाने दुखावते हे दुसऱ्याने ठरवायचे नसते. परंतु सोंग घेणारा माणूस आणि ज्याचे सोंग घेतले ती देवता यांच्यातले अंतर आपल्या खेड्यापाड्यातल्या निरक्षर प्रेक्षकालाही पिढ्यान्‌पिढ्या कळत आले आहे. त्या अंतरातूनच भारुडे झाली, सोंगी भजने झाली, दशावतार झाला. रंगमंचाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या अंगणात ते अंतर कळेनासे व्हावे, ही मला श्रद्धेची वाढ वाटत नाही.

ज्या कलमाखाली अशी प्रकरणे नोंदवली जातात ते भारतीय दंड संहितेचे २९५-अ हे कलम १९२७ साली इंग्रजांनी घातले. आज तेच भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. त्याची भाषा पाहिली तर बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान एवढाच त्यात गुन्हा ठरवलेला आहे. हेतू पाहिल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नाही. पण हेतू पाहायला न्यायालयात वर्षे लागतात आणि तोपर्यंत विशीतल्या मुलाच्या नावावर पोलिसांची नोंद राहते, त्यामुळे कायद्यातली ती मर्यादा प्रत्यक्षात फारशी कामाला येत नाही. मला अधिक टोचते ते याच्याही आधीचे आहे. देवाची बाजू घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस आपल्या देवाला मावशींच्या विठोबाइतके समर्थ मानत असेल का, हा प्रश्न मला पडतो. ज्याने जनाबाईच्या शिव्या ऐकून घेतल्या, त्याला विद्यार्थ्यांच्या प्रहसनाची भीती असेल असे मला वाटत नाही.

ओंकारेश्वराच्या देवळाजवळून मुठा नदीवर जो पूल जातो त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेले अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच पुलावर गोळ्या झाडून मारले गेले. या खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयात लागला. दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले. या घटनेकडे आपण श्रद्धा विरुद्ध विवेक अशा लढाईतला एक बळी म्हणून पाहतो, आणि मला ते पाहणे अपुरे वाटते. ज्यांचे नाव त्या पुलाला दिले आहे ते शिंदे नास्तिक नव्हते. जमखंडीच्या विठ्ठलभक्त घरात ते वाढले, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी १९०१ ते १९०३ या काळात तौलनिक धर्माचा अभ्यास केला, प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून गावोगाव हिंडले, आणि आपल्या ईश्वरनिष्ठेतूनच १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी त्यांनी मिशन काढले. त्या मिशनचा अहल्याश्रम आमच्याच नाना पेठेत आहे. दाभोलकर स्वतः देव मानत नसत, पण देव मानणाऱ्यांशी आपले भांडण नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. ते ज्या 'साधना' साप्ताहिकाचे संपादक होते ते १९४८ साली साने गुरुजींनी सुरू केले होते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी पंढरपूरचे देऊळ दलितांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी तिथे प्राणांतिक उपोषण केले होते. तुकोबांच्या धरण्यापासून गुरुजींच्या उपोषणापर्यंत आणि तिथून दाभोलकरांच्या सभांपर्यंत मला एकच धागा दिसतो. दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. तो कायदा वारीवर बंदी आणेल अशी भीती काही वारकरी संघटनांना घालण्यात आली होती. प्रत्यक्षात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

तरीही इथे मला थांबून माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण देवाशी भांडण्याची ही मोकळीक सर्वांना सारखी मिळालेली नव्हती. चोखोबांनीही देवाला जाब विचारला, पण तो देवळाबाहेर उभे राहून. त्यांची समाधी आजही नामदेव पायरीसमोर, महाद्वाराबाहेरच आहे. पुण्यातही ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला. त्यात शिवराम जानबा कांबळे होते, पां. ना. राजभोज होते, तरुण एस. एम. जोशी होते, आणि या सत्याग्रहींवर पर्वतीच्या पायऱ्यांवर दगडफेक झाली. देऊळ उघडले नाही. ज्या शहरात पालख्यांवर फुले उधळली जातात त्याच शहराने देवाच्या दर्शनाला निघालेल्यांवर दगड उधळले, ही गोष्ट पर्वती चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असली पाहिजे असे मला वाटते. तिथे तिची आठवण सांगणारा ठळक फलक असावा, अशीही माझी मनापासून इच्छा आहे. इरावती कर्वे पुण्याहून वारीत चालल्या तेव्हा ज्या दिंडीत त्यांना इतके आपलेपण मिळाले, त्याच दिंडीत ब्राह्मणांचा आणि इतरांचा स्वयंपाक वेगळा होतो हे त्यांनी पाहिले आणि ते दुःख 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले. वारीवर त्यांच्याइतके प्रेमाने लिहिणारे थोडेच आहेत, आणि तरीही जे खुपले ते त्यांनी झाकले नाही.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेरून विचारावे लागले, त्यांनी विचारणे थांबवून आपली वाट धरली तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आत उभ्या असलेल्यांना नाही. तुकोबांच्या देहूपासून जवळच देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वारीच्या वाटेवरून जाताना मला ही दोन ठिकाणे नेहमी एकत्र आठवतात. प्रश्न विचारणाऱ्याला कवेत घेण्याची ताकद एका परंपरेत होती, आणि तरी ज्यांचा प्रश्न सर्वांत रास्त होता त्यांनाच तिने दाराबाहेर ठेवले. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपले तेव्हा २०१४ साल उजाडले होते. त्यानंतर मंदिर समितीने ब्राह्मणेतरांना आणि स्त्रियांनाही पुजारीपदासाठी मुलाखतींना बोलावले. हा बदल आपोआप झाला नाही, त्यामागे कितीतरी वर्षांचे भांडण होते.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत यातलेच थोडे माझ्या डोळ्यांसमोर घडले. नववीतल्या एका मुलीने मुलांसाठी छोटी नाटिका लिहिली होती. तिच्यात दुसऱ्या दिवशी गणपती मखरातून उठून निघून जातो, साऱ्या इमारतीत शोधाशोध होते, आणि शेवटी तो रखवालदाराच्या खोलीत त्याच्या मुलांबरोबर जेवताना सापडतो. स्पीकरच्या आवाजाने डोके उठले, आणि या घरातल्या कोणालाच आरतीला बोलावले नाही, अशा दोन तक्रारी तो मंडळींपुढे मांडतो. संहिता कार्यकारिणीकडे गेली तेव्हा एका निवृत्त गृहस्थांनी जोरदार हरकत घेतली. दैवताच्या तोंडी अशी विनोदी वाक्ये घालू नयेत, उद्या बाहेरच्या कोणी चित्रफीत पाहून तक्रार केली तर काय, असे त्यांचे म्हणणे होते. हे गृहस्थ रोज पहाटे अथर्वशीर्षाची आवर्तने करतात आणि त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. बैठक बराच वेळ चालली. मी जनाबाईचा अभंग वाचून दाखवला, कोणी संत एकनाथांच्या भारुडांचा दाखला दिला, आणि ती मुलगी एवढेच म्हणाली, की गणपती मला आवडतो म्हणूनच मी त्याला बोलायला लावले. मतदान झाले आणि थोड्याशा मतांनी नाटिका करायचे ठरले.

प्रयोगाच्या दिवशी रखवालदाराचे सगळे कुटुंब बोलावले होते आणि ते गृहस्थही पहिल्या रांगेत बसले होते. नाटिका संपल्यावर प्रसाद वाटला जात असताना ते तडक त्या मुलीकडे गेले. आवाजाची तक्रार रास्त आहे, पण देव मखर सोडून जाईल हे मला पटलेले नाही, कारण तो एके ठिकाणी असला तरी सर्वत्र असतो, मग त्याला जायची गरज काय, असे त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, आजोबा, सर्वत्र असतो तर आपण त्याला मखरात का बसवतो? त्यावर त्यांनी तिला मूर्तीत प्राणप्रतिष्ठा का करतात हे समजावून सांगायला सुरुवात केली. तिने मधेच दुसरी शंका काढली, आणखी दोन-तीन मुले येऊन उभी राहिली, आणि मांडवातल्या खुर्च्या गोळा करणारी माणसे त्यांच्याभोवतीच्या खुर्च्या तेवढ्या सोडून बाकीच्या उचलू लागली.